गोव्यात वंशावळ शोधताना: आधी तेओर काढा

आजोबांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पणजोबांचं घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला. त्यापुढे कागदच लागतो, आणि तो गोव्यात मिळतो. पोर्तुगीज अमदानीतली जन्मनोंद आईबापांपाशी थांबत नसे, बापाकडचे आणि आईकडचे आजी-आजोबाही त्यात लिहिले जात. तुमच्या आजोबांची नोंद सापडली की एका कागदावर त्यांचे आजोबा भेटतात.

मात्र मागताना नोंदीची संपूर्ण नक्कल मागा. तिला इथे ‘तेओर’ म्हणतात. खिडकीवर नुसता ‘जन्मदाखला’ म्हटलं की संक्षिप्त दाखला हाती पडतो, त्यात आजी-आजोबा नसतात. फी जाते, दुसरा अर्ज करावा लागतो.

अर्ज कुठे करायचा ते सालावर ठरतं. 1971 पासूनचे जन्म-मृत्यू ग्रामपंचायत किंवा पालिकेत, त्याआधीचे त्या तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे. फार जुनी पुस्तकं पणजीच्या पुराभिलेख खात्यात गेलेली आहेत. लग्नाची नोंदही सिव्हिल रजिस्ट्रारकडेच. ख्रिस्ती घराण्यांनी चर्चची बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यूची पुस्तकं पाहावीत, ती सरकारी नोंदींपेक्षा बरीच मागे जातात. तालुका मात्र आजचा धरू नका. धारबांदोड्यातली अनेक गावं पूर्वी सांगे तालुक्यात होती, आणि मुरगाव एकेकाळी साष्टीचाच भाग होता.

जन्म-मृत्यू नोंदणी कायदा 1969 च्या कलम 17 नुसार नोंद शोधायला कोणीही सांगू शकतो, वारसच असावा लागत नाही. मृत्यूच्या दाखल्यावर मरणाचं कारण मात्र देत नाहीत. तरी आधारकार्डाची प्रत, स्वतःचा आणि वडिलांचा जन्मदाखला जवळ ठेवा, म्हणजे नातं सांगत बसावं लागत नाही. अर्जात नाव, आईबापांची नावं, गाव, वाडा आणि अंदाजे साल लिहा. साल पक्कं नसेल तर आधीची-नंतरची पाच वर्षं धरून शोध मागा. जुन्या दाखल्यावर नोंद क्रमांक असेल तर तो आधी द्या, अर्धं काम तिथेच होतं.

नोंद असूनही सापडत नाही ती बहुतेक वेळा स्पेलिंगमुळे. पोर्तुगीज लिपिकाने ‘श’ साठी एक्स वापरला, म्हणून शांताराम आणि शंकर सूचीत एक्सच्या पानावर बसलेत, एसच्या नाही. शेणवी तिथे ‘सिनाय’ होतो, प्रभू ‘पोरोबो’, कामत ‘कामोतिम’. जुन्या सूची बहुधा पहिल्या नावाने लावलेल्या असतात, आडनावाने नाही. आणखी एक फसगत तारखेची. नोंदीच्या सुरुवातीची तारीख नोंदणीची असते, जन्माची पुढच्या ओळींत येते, तीही अक्षरांत लिहिलेली. घाईत पहिलीच तारीख उतरवून घेतली की जन्म काही दिवस किंवा महिने पुढे सरकतो. ‘फालेसीदो’ हा शब्द दिसला तर ती व्यक्ती तेव्हा मयत होती. मृत्यूची नोंद त्याआधीच्या सालांत शोधायची, हे त्यावरून कळतं.

मूळ गाव माहीत नसेल तर कुलदेवतेपासून सुरुवात करा. सोळाव्या शतकात जुन्या काबिजादीतली, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या मुलखातली, देवळं फोंड्याकडे हलली: मंगेश कुठ्ठाळीहून, म्हाळसा वेर्ण्याहून, शांतादुर्गा केळशीहून. देव आज फोंडा तालुक्यात आहे म्हणून तुमचं गाव फोंड्यातलं ठरत नाही. देवस्थानच्या महाजनांचा, म्हणजे वंशपरंपरागत हक्कदार कुळांचा, कॅटलॉग (यादी) 1933 च्या देवस्थान नियमनाखालचा असतो, आणि मामलेदार त्या देवस्थानांचा प्रशासक. त्यात तुमचं कूळ असेल तर पुढची पायरी मूळ गावाची कोमुनिदाद, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणारी गावकऱ्यांची जुनी संस्था. गावकारांची, म्हणजे तिच्या वंशपरंपरागत सभासदांची, नावं वांगडानुसार (कुळानुसार) लावलेली असतात, जोण (उत्पन्नातला वाटा) घेणाऱ्यांची यादी बापाकडून मुलाकडे चालते. अर्ज विभागाच्या कोमुनिदाद प्रशासकाकडे करायचा: उत्तरेला म्हापसा, मध्य विभागाला पणजी, दक्षिणेला मडगाव. लेकी या याद्यांत जवळपास नाहीतच. त्यांच्यासाठी विवाहनोंद आणि वारसाचे कागद शोधावेत.

वारसाच्या कागदांकडे लोक सहसा वळत नाहीत, आणि तिथेच घबाड असतं. जुन्या ‘इन्व्हेंटारी’च्या, म्हणजे वारसावाटपाच्या प्रकरणाच्या, फायलीत मयताचे सगळे वारस आणि मालमत्ता लिहिलेली असते, लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलींसकट. नोटरीच्या जुन्या ‘एस्क्रितुरा’ही (दस्त) पाहाव्यात, एकाच जमिनीचे दोनतीन पिढ्यांचे धनी त्यांत सापडतात.

नव्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगिजांनी नंतर घेतलेल्या पेडणे, सत्तरी, काणकोणसारख्या तालुक्यांतल्या घरांना अठराव्या शतकाच्या मागे पोर्तुगीज कागद फारसा नाही. तिथे मोडी वाचणारा माणूस गाठावा लागतो.

नोंद सापडलीच नाही, तर अनुपलब्धतेचा दाखला लेखी मागा. त्यावर शोधलेली सालं आणि नाव कसं लिहिलं ते नीट तपासा. एसने शोधून दिलेल्या नकारावर विसंबू नका, एक्सने लिहिलेल्या नावासाठी तोच अर्ज पुन्हा करा.