प्लगइन लोड होणं वेगळं, ॲक्टिव्हेट होणं वेगळं

"माझ्या मशीनवर सगळं चालतं, पण क्लायंटच्या साइटवर डेटाबेसच्या टेबलात नवा कॉलम येतच नाही." वर्डप्रेससाठी स्वतः प्लगइन (साइटला नवी सोय जोडणारा कोड) लिहिणाऱ्यांकडून हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकतेय. दर वेळी घोळ तोच असतो: प्लगइन लोड होणं आणि ॲक्टिव्हेट होणं एकच समजायचं.

लोड होणं तुम्हाला माहीतच आहे. प्लगइन एकदा चालू केलं की प्रत्येक रिक्वेस्टला त्याची मुख्य फाइल वाचली जाते. कोड बदला, पान रिफ्रेश करा, फरक दिसतो.

ॲक्टिव्हेशन हुक मात्र प्लगइन चालू करता त्या क्षणीच चालतो. (हुक म्हणजे ठरावीक क्षणी आपला कोड चालवायची वर्डप्रेसची सोय.) नंतर टेबल बनवायच्या कोडमध्ये कॉलम वाढवून कितीही रिफ्रेश करा, डेटाबेस जागचा हलत नाही. मग आपण प्लगइन बंद करतो, परत चालू करतो, कॉलम आला की टेस्ट झाली म्हणतो. इथेच फसगत होते. ज्याच्याकडे प्लगइन आधीपासून चालू आहे तो नुसतं अपडेट करतो, आणि अपडेटच्या वेळी हा हुक चालत नाही. वर्डप्रेसच्या 2011 मधल्या 3.1 आवृत्तीपासून हे असंच आहे. बंद-चालू करून तुम्ही फक्त पहिल्यांदा प्लगइन घेणाऱ्याची टेस्ट केलीत. जुन्या वापरकर्त्याची राहिलीच.

म्हणून टेबलाच्या रचनेचा आवृत्ती क्रमांक ऑप्शनमध्ये, म्हणजे वर्डप्रेस डेटाबेसात सेटिंग ठेवतं तिथे, साठवा. 'प्लगइन्स लोडेड' हुकवर तो तपासा, जुना निघाला तर डीबीडेल्टा (टेबलाची रचना नव्या व्याख्येशी जुळवणारं वर्डप्रेसचं फंक्शन) चालवा आणि मग क्रमांक पुढे न्या. (प्रायमरी की या शब्दांनंतर दोन स्पेस हव्यात, डीबीडेल्टा याबाबतीत फार काटेकोर आहे.) टेस्ट करताना आधीची आवृत्ती टाका, दोन-चार नोंदी भरा आणि प्लगइन बंद न करता फाइली बदला. रिलीजआधी एवढं केलंच पाहिजे, यावर मी अडून बसते.

प्लगइनने आणलेल्या नव्या पानांच्या पर्मालिंकवर (कायमच्या पत्त्यावर) 404, म्हणजे 'पान सापडलं नाही', येतं, त्याचं मूळही याच घोळात आहे. ॲक्टिव्हेशन हुक चालतो तेव्हा त्या रिक्वेस्टमधला 'इनिट' हुक, जिथे पोस्ट टाइप (मजकुराचा प्रकार) नोंदवतात, तो होऊन गेलेला असतो. त्यामुळे तुमचा पोस्ट टाइप तिथे नोंदलेलाच नसतो आणि रिराइट नियम (पत्त्यावरून पान शोधायचे नियम) फ्लश करून, म्हणजे नव्याने बनवून, हाती काही लागत नाही. हुकमध्ये आधी पोस्ट टाइप नोंदवणारं फंक्शन थेट बोलवा, मग फ्लश करा.

बंद करणं आणि डिलीट करणं यांतला फरक सोपा आहे: बंद करताना वापरकर्त्याच्या डेटाला हात लावायचा नाही, टेबलं काढायची ती 'अनइन्स्टॉल' फाइलमधून. पण ती फाइल तपासायला डेव्हलपमेंट साइटवरचं डिलीट बटण दाबू नका. मी दाबलं होतं. गिटसकट (कोडच्या बदलांच्या नोंदींसकट) फोल्डर गेलं, आणि पुश न केलेलं, म्हणजे सर्व्हरवर न पाठवलेलं, दोन दिवसांचं काम त्याच्यासोबत. डब्ल्यूपी-सीएलआयच्या (वर्डप्रेस कमांड लाइनवरून चालवायच्या साधनाच्या) अनइन्स्टॉल कमांडला 'स्किप-डिलीट' पर्याय आहे. त्याने साफसफाईचा कोड चालतो, फाइली जागच्या जागी राहतात.