आणाभाका वेगळ्या, ठराव वेगळा

'आम्ही दोघंच एकमेकांचे, मग कंडोम कशाला?' आणि 'आम्ही ठरवून कंडोम बंद केला.' दोन्ही वाक्यं कानाला सारखीच लागतात. आजाराच्या हिशेबात मात्र त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

दुसरं वाक्य सिडनीतलं म्हणायला हरकत नाही. तिथल्या समलिंगी पुरुषांचा अभ्यास करणाऱ्या सुझन किपॅक्स आणि सहकाऱ्यांना दिसलं, की काही जोडपी आपसांत कंडोम वापरत नाहीत, पण ते बेफिकिरीने नव्हे. 1993 मध्ये त्यांनी याला 'निगोशिएटेड सेफ्टी', म्हणजे बोलून ठरवलेली सुरक्षितता, असं नाव दिलं. रीत अशी: आधी बोलायचं, मग दोघांनी एचआयव्हीची चाचणी करायची, 3 महिन्यांनी पुन्हा करायची, तोवर कंडोम सोडायचा नाही. संसर्ग ताजा असला तर पहिली चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून ही थांबाथांब. दोघांचे दुसरेही रिपोर्ट निगेटिव्ह आले की आपसांत कंडोम बंद. बाहेर संबंध नकोत, किंवा असलेच तर तिथे कंडोम हवाच, हेही आधीच बोललेलं. आणि नियम मोडला तर घरी येऊन सांगायचं, पुन्हा चाचण्या होईपर्यंत कंडोम सुरू.

आणाभाकांत हे शेवटचं कलमच नसतं. 'तुझ्याशिवाय कुणी नाही' म्हटलेला माणूस चुकला, तर नातं तुटेल या भीतीने गप्प बसतो. गप्प बसायचं तर कंडोमही पुन्हा सुरू करता येत नाही, कारण 'आज अचानक कशाला?' याला काय उत्तर देणार? शिवाय शपथ आजपासून लागू होते, संसर्ग मागच्या वर्षीचाही असू शकतो.

बरं, ठराव झालाय हे तरी दोघांना ठाऊक हवं. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या समलिंगी जोडप्यांना वेगवेगळं विचारलं, तेव्हा साधारण 8 टक्के जोडप्यांत एक म्हणाला बाहेर मोकळीक आहे, दुसरा म्हणाला नाही. मला हा आकडा लहान वाटत नाही.

ठरावही सगळं झाकत नाही. एचआयव्हीचा रिपोर्ट सिफिलिस किंवा गनोरिया अशा, संबंधांतूनच पसरणाऱ्या दुसऱ्या आजारांबद्दल काहीच सांगत नाही. आता एचआयव्ही असलेल्याच्या रक्तातला विषाणू उपचारांनी चाचणीत न दिसण्याइतका कमी राहिला, तर जोडीदाराला लैंगिक संबंधांतून एचआयव्ही होत नाही, त्यामुळे 'दोघंही निगेटिव्ह' ही जुनी अटही सैल झाली आहे.

आपल्याकडे स्त्री-पुरुषांच्या लग्नात पत्रिका बघतात, रिपोर्ट सहसा कुणी मागत नाही. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, एचआयव्हीची चाचणी मोफत होते, चौकशीला 1097 हा नंबर आहे. रिपोर्ट मात्र ज्याचा त्यालाच मिळतो. तो एकमेकांना दाखवायचा का, हे जाण्याआधीच बोलून ठेवावं लागतं.