शाळेत सिनेमा हा विषय आला कुठून?

ब्रिटनमध्ये आपल्या दहावीच्या वयाची मुलं जीसीएसई ह्या तिथल्या शालेय परीक्षेला फिल्म स्टडीज म्हणजे सिनेमाचा अभ्यास हा विषय घेऊ शकतात, रीतसर लेखी पेपर असतो आणि शिवाय स्वतः एखादा सीन शूट करायचा नाहीतर स्क्रीनप्ले लिहायचा. आपल्याकडे हे सांगितलं की लोकांना हल्लीचं फॅड वाटतं, पण ह्यामागे कित्येक दशकांची खटपट आहे आणि तिची सुरुवात झाली ती काळजीपोटी.

सिनेमाने पोरं बिघडतात ही तक्रार तिकडेही होतीच. १९३३ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट निघाली, १९५० मध्ये सिनेमा शिकवणाऱ्या शिक्षकांची संघटना झाली, पण बऱ्याच जणांचा सूर हाच की मुलांना चांगला सिनेमा ओळखायला शिकवा म्हणजे ती वाईटापासून लांब राहतील.

खरा बदल घडला तो सेकंडरी मॉडर्न शाळांत. अकराव्या वर्षीच्या परीक्षेत जी मुलं निवडली जायची नाहीत ती ह्या शाळांत जायची, म्हणजे बहुतेक कामगारांची मुलं, आणि त्यांच्याकडून कुणाला फार अपेक्षा नसल्यामुळे काय शिकवायचं ह्यात शिक्षकांना जरा मोकळीक मिळायची. पुढे मोठे विचारवंत झालेले स्टुअर्ट हॉल दक्षिण लंडनमध्ये अशाच मुलांना शिकवत होते, १९६४ मध्ये त्यांनी पॅडी व्हॅनेलबरोबर लोकप्रिय कलांवर पुस्तक लिहिलं त्याची मुळं त्या वर्गात आहेत. त्याआधी १९६३ च्या न्यूसम अहवालाने, म्हणजे शाळांबद्दलच्या सरकारी अहवालाने, तर सरळ म्हटलं की सिनेमा आणि टीव्ही हे स्वतंत्रपणे अभ्यासायचे विषय आहेत. मग १९६५ पासून अशा मुलांनाही देता येईल अशी सीएसई ही शालेय परीक्षा आली, तिच्यात शिक्षकाला स्वतःचा अभ्यासक्रम बनवून बोर्डाकडून मंजूर करून घ्यायची सोय होती, सिनेमाला परीक्षेचं दार उघडलं ते इथून. हुशार म्हणवणाऱ्या शाळांनी हा विषय नंतर उचलला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

शिकवायची पद्धत कशी ठरली तेही बघा. तास चाळीस मिनिटांचा, सिनेमा दोन तासांचा, मग फिल्म इन्स्टिट्यूटकडून १६ एमएमच्या रिळावर थोड्या मिनिटांचा तुकडा मागवायचा, पडदे ओढून प्रोजेक्टर लावायचा, एकदा दाखवायचा, रीळ उलटं गुंडाळून परत दाखवायचा आणि विचारायचं की कॅमेरा इथे का थांबला, आवाज कुठून आला. एकेका सीनचा कीस काढायची सवय ह्या अडचणीतूनच पक्की झाली, व्हिडिओ आल्यावर ते फक्त सोपं झालं.

ह्याचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. मारी सीटन ही ब्रिटिश अभ्यासक १९५० च्या दशकात भारतभर फिल्म अ‍ॅप्रिसिएशनवर, म्हणजे सिनेमाच्या रसास्वादावर, बोलत फिरली, आणि पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादूर सरांनी 'पथेर पांचाली' शॉट-शॉट उलगडून दाखवत कित्येकांना सिनेमा बघायला शिकवलं. पण ते सगळं मोठ्यांसाठी. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय फिल्म अर्काइव्ह आहे, शिकवणारी माणसं आहेत, तरी आपल्या नववी-दहावीच्या वेळापत्रकात ह्या विषयाला अजून तास मिळालेला नाही.