स्तनपुनर्रचनेनंतर कर्करोग उलटणे

कर्करोगामुळे स्तन काढल्यावर त्या जागी सिलिकॉनचे इम्प्लांट बसवून, किंवा पोटाची अथवा पाठीची कातडी-चरबी वळवून, नवा स्तन घडवता येतो. त्यानंतर आजार उलटला तर तो जागेवरच, म्हणजे कातडीत, छातीच्या स्नायूत, काखेत दिसतो. नाहीतर दूर हाडे, फुप्फुसे, यकृत किंवा मेंदूत. अख्खा स्तन काढला तरी कातडीखाली थोड्या पेशी उरू शकतात, आणि काही ऑपरेशनआधीच रक्तावाटे पुढे गेलेल्या असू शकतात. पुनर्रचनेमुळे हा धोका वाढल्याचे आढळलेले नाही.

‘वरून झाकलं, आता आतलं कसं कळणार?’ ही शंका साहजिक आहे, पण बहुतेक वेळा फोल. इम्प्लांट मागे असते आणि उरलेली कातडी पुढे ढकलली जाते. जागेवर उलटणाऱ्या बहुतेक गाठी याच कातडीत किंवा तिच्या लगेच खाली असतात, म्हणून हाताला लागतात. व्रणाच्या कडेने बोटांची पेरे सपाट ठेवून हळूहळू फिरवली, की हरभऱ्याएवढी कडक, बहुधा न दुखणारी गाठ सापडते. कधी गाठ नसते, नुसता न जाणारा लाल चट्टा असतो. तो घामोळे समजून मलमावर महिने काढू नयेत.

पोटाच्या चरबीने घडवलेल्या स्तनात मात्र फसगत होते. रक्तपुरवठा कमी पडून चरबीचा एखादा भाग मरतो आणि दगडासारखा घट्ट होतो. ही गाठ निरुपद्रवी असते, पण सोनोग्राफीनेही शंका फिटली नाही तर सुईने तुकडा काढून बायोप्सी करावीच लागते. खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती वर्षांनंतर एकाएकी पाणी साचून सूज आली, तर तपासणी वेगळी : तिथे क्वचित एक प्रकारचा लिम्फोमा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा कर्करोग, होतो. २०१९ मध्ये अशी काही इम्प्लांट्स जगभर बाजारातून मागे घेण्यात आली.

पहिली ३ वर्षे दर ३ ते ६ महिन्यांनी, पुढची २ वर्षे ६ ते १२ महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी तपासणी करतात. दुसऱ्या स्तनाची मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) वर्षाला एकदा; पुनर्रचित स्तनाची सहसा लागत नाही. खानदेशातून ‘टाटाला’ (टाटा कर्करोग रुग्णालयात) जाणे म्हणजे भुसावळ-जळगावहून गाडीने मुंबई, परळ. नंदुरबार, दोंडाईचाच्या लोकांना रेल्वेने सुरत जवळ. धडगाव-अक्कलकुव्याच्या बाईला आधी डोंगर उतरायचा असतो. केळीची कापणी, लग्नसराई, सोबतीला माणूस नाही, अशा कारणांनी फेरी चुकते. हार्मोनवर पोसणारा कर्करोग १० वर्षांनंतरही उलटू शकतो, त्यामुळे ‘पाच वर्षं झाली, सुटलो’ हा हिशेब सर्वांना लागू नाही. हाताने करायची तपासणी धुळे किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील सर्जनही करू शकतात. ऑपरेशनचे कागद आणि इम्प्लांटचे कार्ड सोबत हवे.

गाठ कर्करोगाची निघाली तर ती हार्मोनवर पोसते का आणि तिच्यात हर-टू (HER2) हे प्रथिन जास्त आहे का, या चाचण्या नव्याने करतात, कारण उत्तर बदललेले असू शकते. दूर पसरलेले नसेल तर गाठ काढतात, आधी दिले नसतील तर रेडिएशनचे शेक देतात, आणि जोडीला औषधे. इम्प्लांट दरवेळी काढावेच लागते असे नाही. शेकांनी ते आवळून कडक होण्याची शक्यता मात्र वाढते.