राष्ट्रीय कार्बन नोंदवही

देशात निर्माण झालेल्या प्रत्येक कार्बन क्रेडिटचा जन्म, मालकी, हस्तांतर आणि शेवट नोंदवणारी सरकारी संगणकीय यंत्रणा. एक टन कार्बन डायऑक्साइड, किंवा तितकीच तापमानवाढ करणारा दुसरा वायू, हवेत जाण्यापासून रोखला किंवा हवेतून काढून घेतला, की एक क्रेडिट मिळते. त्याला स्वतंत्र अनुक्रमांक असतो आणि वापरानंतर ते कायमचे रद्द होते. गोव्यात जमीन घेणारा आधी एक-चौदाचा उतारा (सात-बारासारखी जमिनीची नोंद) पाहतो. पण उतारा चुकला तरी जमीन जागेवर असतेच. क्रेडिटला मात्र नोंदीपलीकडे अस्तित्व नाही.

नोंद सैल राहिली तर काय होते, हे युरोपने अनुभवले आहे. २०१० मध्ये हंगेरीच्या सरकारने कंपन्यांनी आपल्या उत्सर्जनापोटी जमा केलेली, म्हणजे एकदा वापरलेली क्योटो क्रेडिट (क्योटो करारानुसार मिळालेली) पुन्हा विकली; ती फिरून युरोपीय बाजारात आली आणि पॅरिसच्या ब्लूनेक्स्ट बाजाराला व्यवहार थांबवावे लागले. जानेवारी २०११ मध्ये तर चेक नोंदवहीतून उत्सर्जनाचे परवानेच चोरीला गेले.

पॅरिस करारानंतर (२०१५) काम अधिक नाजूक झाले, कारण आता विकणाऱ्या देशालाही उत्सर्जन कपातीचे स्वतःचे उद्दिष्ट असते. कराराच्या कलम ६ नुसार क्रेडिट परदेशी गेले, की तेवढे टन विकणाऱ्या देशाने स्वतःच्या उत्सर्जनाच्या हिशेबात परत वाढवून दाखवायचे. याला अनुरूप समायोजन म्हणतात. त्याचे मूळ नियम ग्लासगोच्या हवामान परिषदेत (२०२१) ठरले, तर नोंदवह्यांची रचना बाकू परिषदेत (२०२४) स्पष्ट झाली. ज्या देशाला स्वतःची यंत्रणा परवडत नाही, तो संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत खाते ठेवू शकतो. संगणकप्रणाली विकतही मिळते. खरे अवघड काम वेगळेच असते: परवानगी कोणी द्यायची, ती मागे घेता येईल का, आणि स्वस्तात होणारी कपात विकून टाकल्यावर देशाने आपले उद्दिष्ट कशाने गाठायचे, हे कायद्याने ठरवणे.

भारतात ऊर्जा संवर्धन कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली. प्रशासन ऊर्जा दक्षता ब्यूरोकडे, नोंदवही ग्रिड-इंडियाकडे (देशाची वीजवाहिनी-जाळी सांभाळणारी सरकारी कंपनी) आणि व्यापाराचे नियमन केंद्रीय विद्युत नियामक आयोगाकडे आहे. परदेशी हस्तांतराचा निर्णय मात्र पर्यावरण मंत्रालयाखालील वेगळे प्राधिकरण घेते.

गोव्यापुरता हा फरक महत्त्वाचा आहे. कलम ६.२ (देशादेशांतील थेट हस्तांतर) खाली परदेशी विक्रीसाठी केंद्राने २०२३ मध्ये निवडलेल्या १३ प्रकारांत समुद्रातील पवनऊर्जा, भरती-ओहोटीची ऊर्जा, हरित हायड्रोजन आहेत, खारफुटी नाही. खारफुटी लागवडीची पद्धत २०२५ मध्ये देशांतर्गत योजनेत मंजूर झाली. म्हणजे मांडवी-जुवारीच्या काठावरील अशा प्रकल्पाचे क्रेडिट देशातच राहील, आणि नोंदवहीने देशांतर्गत आणि परदेशी विक्रीची ही दोन खाती काटेकोरपणे वेगळी ठेवली पाहिजेत. शिवाय किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांनी आधीच संरक्षित असलेली खारफुटी नुसती राखल्याचे क्रेडिट मागणे योग्य ठरणार नाही. ते नव्या लागवडीलाच मिळायला हवे. त्यातही बांध फुटून खारे पाणी शिरलेल्या खाजन (बांध घालून खाडीपासून राखलेल्या सखल) जमिनीवर खारफुटी आपसूक उगवते. ती जमीन कोमुनिदादची (गावाची सामुदायिक जमीनधारक संस्था), कसणारी कुळे वेगळी, बांधाची जबाबदारी कुळांच्या संघटनेकडे, म्हणजे कूळ संघाकडे. खाते कोणाच्या नावे उघडायचे, हे अर्ज दाखल करण्याआधीच मिटवावे लागेल.