अतिनील लेसरला भिंगाऐवजी आरसा का लागतो

न्यूटनने १६६८ मध्ये आरशाची दुर्बीण बांधली ती रंगांच्या त्रासामुळे. भिंगातून प्रत्येक रंग वेगळ्या अंतरावर एकवटतो, आरशावरून सगळे एकाच जागी. पुढे दोन काचांच्या जोडभिंगाने दृश्य प्रकाशापुरता हा प्रश्न सुटला. अतिनीलात मात्र पारदर्शक पदार्थच मोजके. म्हणून १९४०च्या दशकात सी. आर. बर्च यांनी सूक्ष्मदर्शकासाठी पुन्हा आरसे हाती घेतले. मांडणीचा पाया कार्ल श्वार्त्सशिल्ड यांनी १९०५ मध्येच घातला होता: छोटा बहिर्गोल आरसा आणि समोर मोठा, मध्ये भोक असलेला अंतर्गोल.

१९८५ मध्ये स्ट्रिकलँड आणि मूरू यांनी अतिलघू पल्स (प्रकाशाचा क्षणिक ठोका) न बिघडता ताकदवान करण्याची रीत दाखवली, आणि रंगाइतकीच वेळही सांभाळावी लागू लागली. काचेत प्रत्येक रंगाचा वेग वेगळा, म्हणून पल्स लांबते: २६६ नॅनोमीटर तरंगलांबीची ५० फेम्टोसेकंदांची (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा हजार-अब्जांशाचाही हजारावा भाग) पल्स १० मिलिमीटर फ्यूज्ड सिलिकातून (शुद्ध सिलिकाच्या काचेतून) गेली की सुमारे १२० फेम्टोसेकंदांची होते. त्यात २५७ नॅनोमीटरचे दोन फोटॉन मिळून सिलिकात शोषले जातात, आणि काच हळूहळू खराब होते.

आरशाचेही नखरे आहेतच. पृष्ठभागातली चूक परावर्तनात दुप्पट होते. कॅटलॉगमधला ‘लॅम्डा बाय टेन’ (पृष्ठभागातली चूक तरंगलांबीच्या एक दशांश) बहुधा ६३३ नॅनोमीटरवर मोजलेला असतो. २५७ वर तो लॅम्डा बाय फोर, आणि परतणाऱ्या प्रकाशात लॅम्डा बाय टू. १०० मिलिमीटर फोकसच्या गोलीय आरशावर किरण १० अंशांनी तिरके पडले, तर उभा आणि आडवा फोकस ३ मिलिमीटरने फाटतात. ऑफ-ॲक्सिस पॅराबोला (पॅराबोलाच्या अक्षाबाजूचा तुकडा असलेला आरसा) हे टाळतो, पण रोख जरासा चुकला की ठिपक्याला शेपूट फुटते. श्वार्त्सशिल्ड जोडीत छोटा आरसा बीमचा नेमका तेजस्वी मध्य अडवतो आणि त्यातला काही प्रकाश थेट लेसरकडे परत धाडतो. हे परतणे बरेचदा हिशेबातच धरले जात नाही.

लेसर कोकणपट्टीत असेल तर खरा कस आरशावरच्या परावर्तक लेपाचा लागतो. अतिनीलात सोने-चांदी निरुपयोगी. उरते मॅग्नेशियम फ्लोराइडचे आवरण असलेले ॲल्युमिनिअम (परावर्तन ९० टक्क्यांच्या आसपास) किंवा हाफ्निया (हाफ्नियम ऑक्साइड) आणि सिलिकाचे आलटून-पालटून थर (९९ टक्क्यांच्या वर). खारी हवा आवरणाच्या बारीक छिद्रांतून ॲल्युमिनिअम खाते. सच्छिद्र थर दमट हवेतले पाणी पितात आणि त्यांचा परावर्तनाचा तरंगलांबी-पट्टा सरकतो. आयन-बीम स्पटरिंगने (आयनांच्या माऱ्याने पदार्थ उडवून) बसवलेले घट्ट थर टिकतात. पावसाळ्यात रत्नागिरी-मालवणकडे दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होते) २४-२५ अंशांपर्यंत असतो, तेव्हा २० अंशांच्या एसी खोलीत बाहेरची हवा शिरली की आरशावर दव धरते. म्हणून आरसे बंद पेटीत, किंचित जास्त दाबाच्या कोरड्या नायट्रोजनमध्ये ठेवावेत. पेटीत तेल, रबर, साधा गोंद नको: त्यांच्या वाफेचा अतिनीलाखाली आरशावर काळा थर बसतो. वीज गेली तरी नायट्रोजन चालूच ठेवावा, कारण खोली दमट होते तेव्हा आरसे अजून गारच असतात.