बाराचा बोल्ट म्हणजे नक्की कितीचा?

साताऱ्यात हार्डवेअरच्या काउंटरवर ‘बाराचा बोल्ट द्या’ म्हटलं की दुकानदार १२ एमएम जाडीचा, १.७५ आट्याचा (म्हणजे शेजारच्या दोन आट्यांत १.७५ एमएम अंतर) अंगठ्याएवढा बोल्ट पुढे टाकतो. गॅरेजमधून धाडलेल्या पोराला हवा असतो ८ एमएमचा, ज्याच्या माथ्याला बाराचा पाना लागतो. मग फोन होतो, ‘अरे तो नव्हे, छोटा बारा’. ही बोलाचाली निदान चाळीस वर्षं जुनी आहे. ‘न मिळणारे’ म्हणून नाव पडलेले निम्मे बोल्ट मुळात चुकीच्या नावाने मागितलेले असतात, असं माझं मत आहे. उरलेल्या निम्म्यांचं दुखणं मात्र खरं आहे.

इंचाच्या जमान्याबद्दल फार लिहीत नाही. किर्लोस्करवाडी काय आणि सातारा रोड काय, जुन्या इंजिनांचा सगळा हिशेब सुतात चाले, आठ सुतांचा एक इंच. वेल्डिंगवाले अजून ‘तीन सूत’ म्हणतात आणि तीन सुती बोल्ट १० एमएमच्या नटात ढिला ढिला शिरतोही, त्यावरून भांडणं होतात. १९५६ मध्ये मेट्रिक मापांचा कायदा झाला, १९५७ मध्ये नवे पैसे आले, पुढे आट्यांसाठी आयएस ४२१८ हे मानकही आलं. पण गाड्या कायदा वाचून येत नाहीत. ज्या देशाच्या नकाशावरून गाडी बनली, त्या देशाचा आटा ती घेऊन आली. बुलेटमध्ये इंग्रजी बारीक आटे, जीपमध्ये अमेरिकी, जावामध्ये चेक मेट्रिक.

आमच्याकडची खरी गोष्ट स्कूटरपासून सुरू होते. चेतक १९७२ ची, घराणं इटालियन. त्याच दशकात साताऱ्याच्या एमआयडीसीत प्रिया बनू लागली, तिचं घराणंही तेच. या घराण्यात क्रँककेसचे, म्हणजे इंजिनाच्या कवचाचे, स्टड (बिनमाथ्याचे बोल्ट) ७ एमएमचे, आटा १ चा, पाना अकराचा. ७ एमएम हे माप मेट्रिक असूनही पहिल्या पसंतीच्या यादीत नाही. ६ नंतर थेट ८. त्यामुळे जिथे स्कूटर बनत होती त्या गावातही ७ चा नट मिळायचा तो स्पेअर पार्टच्या दुकानात, हार्डवेअरमध्ये नाही. स्पेअरवाल्याकडे संपला की मिस्त्री काय करणार? ६.८ चं ड्रिल फिरवून ८ चा टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, मारायचा. ७ एमएमचा जुना आटा त्या ड्रिलमध्ये जवळजवळ पुसला जातो, म्हणून ही युक्ती बसते छान. आजही एखादी जुनी चेतक उघडली की एकाच इंजिनावर चार जागी अकराचा पाना लागतो आणि दोन जागी तेराचा. तो तेरा म्हणजे कुणाची तरी एक दुपार.

त्यानंतर जपानी आले आणि शब्दांचा खरा गुंता तिथे झाला. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८००, १९८५ मध्ये सीडी १०० आणि आरएक्स १०० या मोटरसायकली. जपानी वाहन पद्धतीत ८ एमएमच्या बोल्टचा माथा बाराच्या पान्याचा, तर जर्मन वळणाच्या पद्धतीत तेराचा. १० एमएमला जपान्यांकडे चौदा, जर्मन पद्धतीत सतरा. त्यातही पुढे आंतरराष्ट्रीय मानकाने सतराचा सोळा आणि १२ एमएमच्या एकोणिसाचा अठरा केला. हा निर्णय कागदावर पोलाद वाचवणारा असेल, गॅरेजात त्याने एक पाना वाढवला, एवढंच. जुना साठा सतराचा, नवा सोळाचा, दोन्ही एकाच खोक्यात.

माथ्याचं जमून जातं, आट्याचं जमत नाही. १० एमएमला हार्डवेअरवाल्याच्या लेखी साधा आटा १.५ चा, बाकी सगळे ‘बारीक’. जपानी गाडीवर हात बसलेल्या मिस्त्रीच्या लेखी साधा आटा १.२५ चा, कारण त्याच्या गाडीत सगळीकडे तोच असतो. शिवाय १० बाय १ (१० एमएम जाडी, १ चा आटा) ही आहे, तोही ‘बारीक’च. १२ एमएमला तसंच, १.७५ साधा, १.५ आणि १.२५ दोन्ही बारीक. म्हणजे एक माणूस ‘साधा द्या’ म्हणतो आणि दुसरा साधाच देतो, दोघेही खरे बोलतात आणि बोल्ट बसत नाही. हाताने दोन-अडीच फेरे जातो, मग घट्ट होतो. तिथे थांबावं. पण लांब पाना हाताशी असला की माणूस थांबत नाही, आणि अॅल्युमिनियमचा आटा बिचारा निमूट कापला जातो.

मग ‘टॅप मारून देतो’ हा उपाय येतो. मला तो गुन्हाच वाटतो. १.२५ च्या भोकात १.५ चा टॅप फिरवला की जुने आटे ना इकडचे राहतात ना तिकडचे. ७ चे ८ करताना निदान माप वाढतं, इथे फक्त भुगा होतो. त्या जागी १.२५ चीच हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवावी, नाहीतर सरळ १२ एमएमवर जावं.

दुकानदाराला फार दोष देता येत नाही. त्याचा बराचसा माल किलोवर येतो, गिऱ्हाईक शेड बांधणारं, ट्रॉली दुरुस्त करणारं. त्याला १.५ खपतो. १.२५ चा खोका घेतला तर गंज चढेपर्यंत पडून राहील. साताऱ्याची गाडी म्हणूनच कोल्हापूरच्या उद्यमनगरकडे नाहीतर पुण्याकडे धावते, किंवा भंगारात. भंगार हेच खरं कोठार, त्याच घराण्याची मेलेली गाडी शोधायची आणि तिचा बोल्ट काढायचा. जाताना जुना बोल्ट खिशात ठेवावा. पिच गेज, म्हणजे आट्यांचं अंतर मोजायचं साधन, नसेल तर फूटपट्टी पुरते, दहा आटे १२.५ एमएममध्ये बसले तर १.२५, १५ मध्ये बसले तर १.५.

कारच्या चाकात हाच घोळ जास्त महाग पडतो. मारुतीचा स्टड १२ बाय १.२५, ह्युंदाईचा १२ बाय १.५. पंक्चरवाल्याच्या डब्यात दोन्ही नट एकत्र. ब्रेकच्या पोकळ बोल्टचंही तसंच, युरोपीय घराण्याला १० बाय १, जपानीला १० बाय १.२५, आणि तिथे जुगाड चालत नाही, तेल गळतं. यामाहाच्या बऱ्याच गाड्यांच्या उजव्या आरशाला उलटा आटा असतो, तो ‘जाम झालाय’ म्हणून पिळून तोडणारे मी डोळ्यांनी पाहिलेत.

आता मोबाइलवर माप टाकलं की १.२५ चा बोल्ट चार दिवसांत घरी येतो, दहाच्या पुडीत. येतो बहुधा स्टेनलेसचा, चकचकीत, आणि लोक तो भक्कम समजून ब्रेकच्या कॅलिपरला लावतात. त्याच्या माथ्यावर ए२-७० लिहिलेलं असतं, म्हणजे ताण सोसण्यात ७०० मेगापास्कल. मूळच्या काळ्या बोल्टवर ८.८ असेल तर ८००, १०.९ असेल तर १०००. उरलेले नऊ कुणाच्या तरी डब्यात जातात आणि पुढच्या खेपेला त्यातलाच एक ‘साधा’ म्हणून निघतो.